बाईंवर राज्य

आमच्या ग्रंथालयात बालविभाग सांभाळणाऱ्या बाईंना मुलं 'शूबाई' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण मुलांचं पाठीमागे म्हणजे फार तर एक कपाट पलीकडे, त्यामुळे बाईंना ते रोज ऐकू येतं. ऐकू आलं की त्या ओठांवर बोट ठेवून 'शूऽऽ' करतात आणि नाव आणखी पक्कं होतं.

मी त्याच दालनात दाराजवळच्या देवघेवीच्या टेबलावर बसते. पुस्तक देणं, पुस्तक घेणं, शिक्का मारणं, आणि पुस्तक भिजवून आणून वर 'आमच्याकडे आलं तेव्हाच असं होतं' म्हणणाऱ्या पालकांकडे रोखून बघणं ही माझी कामं. शेवटचं मला सगळ्यात चांगलं जमतं. मी इथे नवी लागले तेव्हा बाईंनी मला पहिला धडा दिला तो असा : "हे बघ, पुस्तक चोरीला गेलं तर निदान चोर तरी ते वाचेल. पण चुकीच्या जागी ठेवलं गेलं तर कुणीच वाचणार नाही. ते आपल्याच घरात हरवलं म्हणून समज."

हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही, त्यांच्या हातांत ते मुरलेलं आहे. पुस्तक भलत्या ठिकाणी दिसलं की ते हात आपले आपण पुढे होतात. बाई तुमच्याशी बोलत असतात आणि हात तिकडे पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर बघून ते उपसतात, दोन रॅक पलीकडे नेऊन त्याच्या जागेवर सरकवतात. बाई परत येतात आणि वाक्य पुढे चालू. विचारलं, "आत्ता काय केलंत?" तर म्हणतील, "कुठे काय?" दाताच्या डॉक्टरांकडे दाढ ठणकत असताना त्यांनी तिथली मासिकं महिन्यांप्रमाणे लावली होती. माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा गप्पा मारता मारता स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून गेल्या. सासूबाई आठवडाभर मीठ शोधत होत्या आणि बोलणी मला बसली.

तर अशा या बाई. शिस्तीच्या, घाबरट, जेवणाच्या डब्याचं झाकणसुद्धा आवाज न करता उघडणाऱ्या. आणि मुख्य कार्यालयातून परिपत्रक आलं ते नेमकं यांच्याच मुळावर.

परिपत्रकात म्हटलं होतं की बालविभागात मुलं कमी येतात, येतात ती लवकर जातात, तेव्हा बालविभाग सांभाळणाऱ्या सगळ्यांनी खेळ आणि खेळातून शिकणं या विषयाचं प्रशिक्षण घ्यायचं. प्रशिक्षण झालं की प्रत्येकाने आपापल्या ग्रंथालयात मुलांसाठी स्वतः रचलेला एक खेळ घ्यायचा आणि तो बघायला मुख्य कार्यालयातले साहेब येणार. ज्यांना जमणार नाही त्यांच्याकडचा बालविभाग दुसऱ्या कुणाकडे सोपवण्यात येईल आणि त्यांची व्यवस्था भांडारात करण्यात येईल. म्हणे व्यवस्था! घाव घालायचा तो कागदावर किती मऊ शब्दांत घालतात ही माणसं.

भांडार म्हणजे मुख्य कार्यालयाचं तळघर. बांधणीला काढलेली, फाटकी, कुणालाच नको असलेली पुस्तकं तिथे गठ्ठ्यांनी पडलेली असतात. दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. वाचक तिथे फिरकत नाही. एकदा मी काही कामाने गेले होते तर तिथले गृहस्थ मला दारातच थांबवून बोलत राहिले. त्यांना माझं काम नको होतं, नुसतं कुणीतरी बोलायला हवं होतं.

बाईंनी परिपत्रक वाचलं, घडी घालून खणात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं. डबा उघडला नाही. मी म्हटलं, "बाई, एवढं काय मनाला लावून घेताय? भांडारात शांतता असते. तुम्हाला तर शांतताच आवडते. दिवसभर शू म्हणायला नको."

"तिथे मुलं नसतात गं," बाई म्हणाल्या.

इतकी वर्षं शेजारी बसून मला वाटत होतं की या बाईंना मुलांचा त्रास होतो.

प्रशिक्षणाला टेबलावरच्या माणसानेही जायचं होतं, म्हणून मीही गेले. एका मोठ्या हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि आम्हाला जमिनीवर गोल करून बसवलं. ठिकठिकाणच्या ग्रंथालयांतले लोक. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाला आपला शर्ट चुरगळण्याची काळजी. शिकवायला आलेली मुलगी तिशीतली होती, खांद्याला भलीमोठी झोळी, झोळीत फासे, सोंगट्या, चेंडू, लाकडी ठोकळे. आम्ही तिला लगेच खेळताई करून टाकलं. मी तिच्यावर आधीच रागावून बसले होते, पण खरं सांगायचं तर मुलगी चांगली होती. उगाच गोड बोलत नव्हती आणि आम्हाला लहान मुलांसारखं वागवतही नव्हती.

ती म्हणाली, "खेळ शिकवायचा असेल तर आधी खेळता आलं पाहिजे. आणि खेळायचं म्हणजे हरायची तयारी हवी. मुलांना हरणारा मोठा माणूस फारसा बघायला मिळत नाही."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग खेळ सुरू झाले आणि बाईंची जी काही दैना झाली ती सांगवत नाही. चेंडू त्यांच्याकडे आला की त्या तो झेलायच्या आणि शेजाऱ्याच्या हातात नीट ठेवायच्या, जणू पावती घेऊन. ठोकळ्यांचा मनोरा बांधायचा होता तर बाईंनी ठोकळे आकाराप्रमाणे लावून ठेवले. आमच्या गटाचा मनोरा झालाच नाही, पण ठोकळे असे शिस्तीत ओळीने उभे, की बघत राहावं. सोंगट्यांच्या खेळात त्यांच्यावर फासा टाकायची पाळी आली तेव्हा त्यांनी तो पुसून खाली ठेवला. "तुम्ही टाका," त्या शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या, "मी गुण लिहिते." आणि दिवसभर त्या गुणच लिहीत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी खेळताईने त्यांच्या हातातली पेन्सिल हलकेच काढून घेतली. "बाई, गुण कुणीही लिहील. तुम्ही खेळा ना."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या उठल्या, पाणी पिऊन येते म्हणाल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी बघायला गेले तर बाहेरच्या व्हरांड्यात एक सूचनाफलक होता, त्यावरचे वाकडे लागलेले कागद त्या सरळ करत होत्या.

परतताना बसमध्ये आम्हाला मागची सीट मिळाली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. थोड्या वेळाने त्या आपणहूनच बोलायला लागल्या.

"मी थोरली. माझ्या पाठची भावंडं सगळी लागोपाठची. त्यामुळे माझ्या कडेवर कायम कुणीतरी असायचं. पोरं खेळायला जमली की म्हणायची, तू आमच्या चपला सांभाळ. नाहीतर, तू सांग कोण सुटलं आणि कुणावर राज्य. मी सांगायची. भांडणं झाली की माझा शब्द शेवटचा. पण मला कुणी खेळायला घेतलं नाही. कडेवर पोर घेऊन मी धावणार कशी? माझ्यावर कधी राज्यच आलं नाही."

"बरंच झालं की," मी म्हटलं. "राज्य कुणाला हवं असतं? ज्याच्यावर येतं तो रडतो."

"मला हवं होतं," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या अजून खिडकीबाहेरच बघत होत्या. मग म्हणाल्या, "भावंडं मोठी झाली तोवर माझं खेळायचं वय गेलं. आता हे लोक म्हणतात खेळा. कसं खेळायचं ते मला येत नाही गं. कुणी शिकवतं का हे? आणि मी फसले की मला खाली त्या तळघरात पाठवणार."

त्यानंतरचे दिवस नुसते जीव टांगणीला लागून गेले. बाईंना झोप लागत नव्हती हे मला त्यांच्या यजमानांकडून कळलं. ते घड्याळं दुरुस्त करतात, अगदी शांत माणूस. बाईंची छत्री विसरली होती ती घेऊन आले तेव्हा हळूच म्हणाले, "हिला काहीतरी सांगा हो. रात्री मधेच उठून मला विचारते, मुलांनी ऐकलंच नाही तर? सगळी एकदम पळाली तर? मी म्हटलं, पळाली तर पळाली, दार लावून घे. तर माझ्यावरच चिडली."

काय खेळ घ्यायचा यावर बाईंचं रोज तळ्यात-मळ्यात चालू. एक कल्पना सकाळी काढायच्या आणि दुपारी मोडायच्या. कोड्यांचा खेळ काढला तर म्हणाल्या, ज्याला येणार नाही तो रडेल. नाटकाचा काढला तर, जो लाजरा असेल तो मागेच राहील, कडेवर पोर असल्यासारखा. हे त्या बोलून गेल्या आणि एकदम थांबल्या.

आणि मग एका संध्याकाळी, मी टेबल आवरत असताना, बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा असा, की मला वाटलं घरी काही कमीजास्त झालं.

"मुलांसाठी पुस्तकं चुकीच्या जागी ठेवायची," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चुकीच्या जागी. मुद्दाम. पाककृतींच्या रॅकमध्ये देवमाशाचं पुस्तक. त्यात एक चिठ्ठी. चिठ्ठी वाचून मुलं दुसऱ्या रॅककडे जातील. तिथे पुन्हा एक भलतंच पुस्तक बसलेलं. त्यात पुढची चिठ्ठी. प्रत्येक ठिकाणी आपण कोण, इथे कसे आलो, असं ते पुस्तकच विचारेल. शोधता शोधता मुलांना कळेल कुठलं कुठे असतं. धावायचं नाही, नुसतं बघायचं. लाजरं पोरसुद्धा खेळू शकेल." बोलता बोलता बाईंना धाप लागली होती. "कसं आहे?"

खेळ झकास होता. मी तसं सांगितलं. बाईंना क्षणभर आनंद झाला, आणि लगेच त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "पण म्हणजे पुस्तकं खरोखर चुकीच्या जागी ठेवावी लागतील."

"हो ना."

"मला."

"दुसरं कोण ठेवणार?"

बाई खुर्चीवर बसल्या.

चिठ्ठ्या घरी लिहिल्या गेल्या. यजमानांनी आधी सगळ्या सोडवून बघितल्या. देवमाशाच्या चिठ्ठीवर ते अडले म्हणून बाईंनी ती चारदा बदलली. साहेब येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी, शेवटचा वाचक गेल्यावर आम्ही दोघी रॅकमध्ये शिरलो. बाईंच्या हातात देवमासा होता. पाककृतींच्या रॅकपाशी त्या उभ्या राहिल्या, पुस्तक अर्धं आत सरकवलं आणि तिथेच थांबल्या. हात सोडवेना.

"सोडा बाई," मी म्हटलं.

"सोडते." पण सोडलं नाही. "कुणी आलं आणि आत्ता मागितलं तर?"

"आत्ता कोण येतंय देवमासा मागायला?"

"समज आलं तर."

शेवटी मी त्यांच्या मनगटाला धरलं आणि हात बाजूला घेतला. देवमासा लाडू करायच्या पुस्तकांशेजारी बसला. बाईंनी डोळे मिटून घेतले. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं, कारण त्यांच्या कपाळावर खरोखर घाम होता. मग खेळांच्या रॅकमध्ये झोपेवरचं पुस्तक, गणितात चिमण्या, कवितांमध्ये विजेची उपकरणं. प्रत्येक वेळी तेच. शेवटच्या चिठ्ठीतून मुलं बाईंच्या खणापर्यंत पोचणार होती आणि खणात प्रत्येकासाठी एक रंगीत वाचनखूण ठेवली होती. निघताना बाईंनी दारातून वळून सगळ्या रॅककडे असं बघितलं, की जणू पोरांना परक्या घरी सोडून चालल्या आहेत.

सकाळी मी पोचले तेव्हा बाई आधीच आलेल्या होत्या. खाल्लेलं काही दिसत नव्हतं. सतरंजी घातली होती, पाण्याचा माठ भरून ठेवला होता, पंखे लावले होते. आणि बाई रॅकमधून येरझाऱ्या घालत सुरुवातीचं भाषण पाठ करत होत्या. "मुलांनो, आज आपल्या ग्रंथालयात एक गंमत झाली आहे..." या रॅकपासून त्या रॅकपर्यंत, तिथून पुन्हा इकडे. "...एक गंमत झाली आहे. काही पुस्तकं आपलं घर विसरली आहेत..." मी टेबल पुसत होते. त्या मधूनच थांबायच्या, पुन्हा चालायच्या, पुन्हा पहिल्यापासून. मला काहीही वेगळं वाटलं नाही. बाईंना सकाळी रॅकमधून फिरताना मी रोजच बघते.

मग साहेब आले, बरोबर खेळताई. साहेब म्हणजे उंच, बारीक, कमी बोलणारा माणूस. एके काळी तेही अशाच एका ग्रंथालयात पुस्तकं लावत होते असं मी ऐकून होते, पण चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ते भिंतीशी खुर्चीवर बसले आणि मांडीवर कागद ठेवला. मुलंही आली, नेहमीची आणि काही नवी. पुढेच बसली ती चष्मेवाली, जिच्याइतक्या शंका मी आयुष्यात कुणाला ऐकल्या नाहीत.

बाईंनी भाषण केलं. एकदाही अडखळल्या नाहीत. पहिली चिठ्ठी वाचली : 'जिथे वाचता वाचता तोंडाला पाणी सुटतं, तिथे एक जण उगाच पोहायला आला आहे.' मुलांत खसखस पिकली. चष्मेवालीने क्षणात ओळखलं. सगळी पाककृतींच्या रॅककडे गेली. माझ्या जिवात जीव आला. खेळताईने माझ्याकडे बघून मान हलवली. जमतंय.

मुलं बघत राहिली. वरच्या खणात, खालच्या खणात.

"इथे कुणी पोहायला आलेलं नाही," एक जण म्हणाला.

"नीट बघा," बाई म्हणाल्या.

"बघितलं. लाडूच लाडू आहेत."

बाई पुढे गेल्या. रॅकवरून बोट फिरवलं. त्या झटकन खेळांच्या रॅककडे वळल्या. तिथे झोपेचं पुस्तक नव्हतं. गणितात चिमण्या नव्हत्या. प्रत्येक रॅक नीटनेटका, प्रत्येक पुस्तक आपापल्या जागी. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी जोरजोरात मान हलवली, मी नाही. साहेबांनी मांडीवरचा कागद उलटा केला आणि घड्याळाकडे बघितलं. मुलं कुजबुजायला लागली. एक लहान मुलगा दाराकडे निघालासुद्धा. माझ्या डोळ्यांसमोर ते तळघर आलं आणि तिथले बोलायला माणूस शोधणारे ते गृहस्थ.

बाई मात्र आता रॅककडे बघत नव्हत्या. त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. तळवे उलटेसुलटे करून बघितले, जणू दुसऱ्याचे हात चुकून आपल्याला लागले असावेत.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती सकाळची येरझार. ते मधूनच थांबणं.

मी खुर्चीवरून उठले. साफसफाई करताना माझ्या हातून झालं, असं सांगून टाकायचं ठरवलं होतं. मला काय, मला फार तर चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते. पण बाईंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला आणि मला थांबवलं.

"मुलांनो," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की सगळी गप्प झाली. "काल संध्याकाळी मी पुस्तकं चुकीच्या जागी ठेवली होती. आणि आज सकाळी मीच ती पुन्हा जागेवर लावली. मला कळलंसुद्धा नाही. भाषण पाठ करत होते. हात आपले पुस्तकं लावत गेले." त्या थांबल्या. "आता खेळच उरला नाही. मी सगळा मोडून टाकला."

साहेब बघत होते. मला बाईंकडे बघवेना.

मग चष्मेवाली म्हणाली, "म्हणजे तुम्हीच लपवलं आणि तुम्हीच शोधलं?"

"हो."

"आणि आम्ही खेळलोच नाही?"

"हो गं बाळ."

चष्मेवालीला आधी हसू फुटलं. मग शेजारच्याला. मग एकदम सगळी पोरं पोट धरून हसायला लागली, काही तर सतरंजीवर लोळली. बाई भांबावून उभ्या. त्यांचं बोट सवयीने ओठांकडे निघालं होतं, ते अर्ध्यातच राहिलं.

"बाई हरल्या!" कुणीतरी ओरडलं.

"हरले," बाई म्हणाल्या.

"मग बाईंवर राज्य!"

हे कुणी म्हटलं ते मला अजून ठाऊक नाही. पण ते वाक्य ऐकताच सगळी मुलं उठून उभी राहिली आणि ओरडायला लागली, "बाईंवर राज्य! बाईंवर राज्य!" चष्मेवालीने नियम सांगूनही टाकले. आम्ही प्रत्येकाने एकेक पुस्तक चुकीच्या जागी ठेवायचं, बाईंनी भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणायचे, मग शोधायचं. "आणि बघायचं नाही हं बाई. रडीचा डाव चालणार नाही."

बाईंनी साहेबांकडे बघितलं नाही, खेळताईकडे नाही, माझ्याकडेही नाही. त्या भिंतीपाशी गेल्या, दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले आणि आकडे म्हणायला लागल्या.

दालनात नुसता धुडगूस झाला. पोरं रॅकमधून पुस्तकं उपसून पळत होती. शेजारच्या दालनात पेपर वाचणारे आजोबा दारात येऊन म्हणाले, "अहो, इथे काही शू वगैरे आहे की नाही?" त्यांना कुणी भीक घातली नाही. बाईंचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. जवळ जाऊन बघितलं तर बाई हाताआड हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि आकडे चुकत होत्या.

चष्मेवालीने साहेबांनाही सोडलं नाही. मुंग्यांवरचं पुस्तक त्यांच्या हातात कोंबलं. "काका, तुम्ही पण लपवा." साहेब उठले. पुस्तकाची पाठ फिरवली, नंबर बघितला आणि सरळ चालत जाऊन कीटकांच्या रॅकमध्ये ते नीट सरकवून आले.

"अहो काका! तिथे नाही! ती त्याची जागाच आहे!"

साहेब थबकले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते परत गेले, पुस्तक काढलं आणि या वेळी बराच वेळ रॅकांमागे दिसेनासे झाले. आले ते रिकाम्या हातांनी, इकडेतिकडे बघत, चोरासारखे.

मग बाई शोधायला निघाल्या. हा डाव त्यांचाच होता. रॅकमध्ये कुठे फट पडली आहे हे बघून त्या ओळखायच्या कोण घर सोडून गेलंय, आणि मग माग काढायच्या. मुलं "थंड! गरम! भाजलं!" ओरडत मागे मागे. पुस्तक सापडलं की हळहळ, आणि लगेच ते परत कुठे जातं हे बघायला सगळी रॅकपाशी. पण मुंग्या काही सापडल्या नाहीत. कीटकांच्या रॅकमधली ती फट तशीच राहिली आणि मुलांची जायची वेळ झाली.

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "ठरवलेला खेळ झाला नाही," ते म्हणाले. "तसं मला लिहावं लागेल. संध्याकाळपर्यंत कळवतो." आणि गेले. खेळताईने बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि तीही त्यांच्यामागून निघाली. निर्णय तिच्या हातात नव्हताच.

मुलं गेली तसा बाईंच्या चेहऱ्यावरचा रंगही गेला. दुपारभर त्या फोनच्या आसपास राहिल्या. फोन वाजला की दचकायच्या. एकदा छपाईवाल्याचा होता, एकदा चुकीचा नंबर. "जे ठरवलं ते झालंच नाही," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "ते तसंच लिहिणार. लिहायलाच हवं." मी चिडून म्हटलं, "लिहू दे काय लिहायचं ते." पण शिक्का मारायला गेले तर तारीखच भलती लागली. बाई नसलेलं ते दालन मला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

दार लावायच्या सुमारास फोन आला. बाई कीटकांच्या रॅकपाशी होत्या, त्या फटीसमोर. त्या जागच्या हलल्याच नाहीत. फोन मी उचलला. साहेब होते.

मी ऐकलं. पुन्हा विचारून खात्री केली. मग फोनवर हात ठेवून बाईंना म्हटलं, "बालविभाग तुमच्याकडेच. कायम. साहेबांनी लिहिलंय की बाई स्वतः खेळल्या, बाकी काही लिहायची गरज नाही."

बाई मुलांच्या एका बुटक्या स्टुलावर मटकन बसल्या. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला बोलू.

फोनवर साहेब अजून होते. घसा खाकरून, कमी बोलणारा माणूस बोलतो तसं अडखळत म्हणाले, "आणि ते... मुंग्यांचं पुस्तक सापडलं का? नसेल तर सांगतो, मी ते..."

"बाई," मी म्हटलं, "साहेब विचारतायत, मुंग्या कुठे ठेवल्या ते सांगू का?"

बाई ताडकन उठल्या. आणि आमच्या शूबाई, डब्याचं झाकण आवाज न करता उघडणाऱ्या, त्या बंद होत आलेल्या ग्रंथालयात एवढ्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या दालनातले आजोबा पेपर हातात घेऊन धावत आले.

"सांगू नका म्हणावं त्यांना! माझ्यावर राज्य आहे!"